कोरड्या टाकीचा ब्रेक

या सदरातले गूढ अनुभव मी गेली बरीच वर्षे नुसतीच वाचत आले आहे. कधी साधी प्रतिक्रियासुद्धा लिहिलेली नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा आवाज घशातच अडकतो, आणि लिहिणे म्हणाल तर प्रश्नपत्रिका काढण्यापलीकडे मी आजवर काही लिहिलेले नाही. तेव्हा मांडणीत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

एक गोष्ट मात्र आरंभीच स्पष्ट करते. इथे बहुतेक जण 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता' असे लिहितात आणि शेवटाकडे येईपर्यंत तो बसलेला असतो. माझा तेव्हाही नव्हता, आजही नाही. हा अनुभव मी त्या विश्वासाचा पुरावा म्हणून लिहीत नाही... आणि त्याच्या विरोधातला पुरावा म्हणूनही लिहीत नाही. जे घडले ते दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपापल्या सोयीने वाटून घेतले, आणि त्या वाटपात खरोखर घडलेले तेवढेच गहाळ झाले. म्हणून लिहिते आहे.

मी रायपूरला चौबे कॉलनीत राहते. माहेर अमरावतीचे, लग्न होऊन इकडे आले आणि येथल्याच एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. लाजरेपणा इतका, की नोकरीच्या सुरुवातीला मी वर्गाकडे पाठ करून फळ्यालाच शिकवत असे. माझ्या यजमानांची सिलतऱ्याच्या रस्त्यावर रोपांची नर्सरी होती. सिलतऱ्याला लोखंडाचे कारखाने आहेत. आवाराभोवती त्यांना झाडांचा पट्टा राखावा लागतो, आणि तिथल्या काळ्या धुळीत कोवळी झाडे फार काळ तग धरत नाहीत. त्यामुळे करंज, कडुनिंब, शिसव यांची रोपे त्यांना सतत लागतात. झाडे मरत म्हणून आमचे घर चाले. यातली विसंगती आमच्याकडे कोणी कधी बोलून दाखवली नाही.

रोपे पोहोचवण्यासाठी एक पांढरी पिकअप होती. घेतली तेव्हाच ती जुनी होती. नर्सरीची गाडी इतर गाड्यांपेक्षा लवकर गंजते, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. रोपांच्या मुळाशी असलेला मातीचा गोळा वाटेत सुकला तर रोप दगावते. म्हणून माल चढवून झाला की गाडीतच रोपांवर पाईपने पाणी सोडायचे, ते खालून निथळू लागेपर्यंत. ही आमच्या धंद्यातली सर्वांचीच रीत. आता ते पाणी नुसते पाणी नसते. त्यात शेणखताचा अर्क असतो, पोटॅश असते. गाडीच्या हौद्याच्या फळ्यांमधल्या फटींतून ते खाली चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, टपकते, आणि चेसिसला लागूनच ब्रेकचे बारीक पोलादी पाईप गेलेले असतात. वर्गात गंजण्याची प्रक्रिया शिकवताना मी जी जी कारणे फळ्यावर लिहीत असे, ती सर्व त्या गाडीखाली एकत्र नांदत होती.

काही वर्षांपूर्वी यजमान हृदयविकाराने गेले. त्यांचा ड्रायव्हर एका कारखान्यात लागला. नर्सरी बंद करून विकून टाकावी असे सर्वांचे मत पडले. सर्वांचे म्हणजे माझे दीर प्रभाकरभाऊजी, जे रेल्वेतून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झाले आहेत, आणि माझी मुलगी ऋचा, जी हैदराबादला नोकरी करते. मी तेव्हा फक्त एवढेच म्हणाले, "मी गाडी शिकते." भाऊजींना आधी ऐकूच गेले नाही. दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते हसले.

"वहिनी, तुमी? अहो, स्कूटीवर मागं बसाले भेता तुमी!"

ते खरेच होते. तरी मी शिकले. साठीला आलेल्या बाईला शिकवताना ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची सहनशक्ती पणाला लागली. माझी एक खोड त्यांना शेवटपर्यंत मोडता आली नाही — ब्रेक दाबताना मी दुसऱ्या पायाने क्लचही पूर्ण दाबत असे. "मैडम, क्लच को क्यों तकलीफ़ देते हो? ब्रेक अकेला दबाइए! गाड़ी को इंजन भी तो रोकता है!" असे ते रोज ओरडत. वाचकांनी ही खोड ध्यानात ठेवावी. पुढच्या वादात तीच माझी एकमेव साक्षीदार आहे.

मधल्या काळात पिकअप नर्सरीतल्या हिरव्या जाळीखाली उभी होती. शेजारच्या रोपांवरचे तुषार तिच्यावरही पडत. शहरातल्या गुढियारी भागातला मुन्ना मिस्त्री आला. त्याने नवी बॅटरी बसवली, टायर बदलले, सीटवर बसून ब्रेक दोनतीनदा दाबून पाहिला आणि म्हणाला, "मैडम, ब्रेक एकदम पत्थर है. बिल्कुल टेंशन मत लो."

मीही दाबून पाहिला. खरोखर दगड. पायरीवर पाय ठेवावा तसे पेडल पायाखाली घट्ट राहिले. दबले असे वाटलेच नाही. शिकाऊ गाडीचा ब्रेक मऊ होता, पण मालवाहू गाडीचा असाच असेल, असे मी गृहीत धरले. तुलना करायला माझ्याजवळ दुसरे काही नव्हते.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी पिकअप चालवू लागले. चौबे कॉलनी ते नर्सरी, नर्सरी ते सिलतरा. कारखान्याच्या गेटवरचा पहारेकरी पहिल्या दिवशी म्हणाला, "आज ड्राइवर नहीं आया क्या, अम्मा?" मी नेहमीप्रमाणे खाली मान घालणार होते. पण खिडकीतून हात बाहेर काढून मी म्हणाले, "आया है न. मैं ही हूँ." माझ्या आवाजाचे मलाच आश्चर्य वाटले. तिथपासून ती गाडी माझ्यासाठी नुसती गाडी राहिली नाही, हे कबूल करायला हरकत नाही. इतक्या वयानंतर मला एक जागा मिळाली होती जिथे मी समोर पाहून बोलत होते.

आता त्या दिवसाविषयी.

उन्हाळ्याची सुरुवात होती. सकाळचे साधारण अकरा वाजले असावेत. ऊन चढले होते आणि सर्व काही लख्ख दिसत होते. कारखान्यात रोपे उतरवून, परतीला कुंड्या आणि खताची पोती भरून मी शहराकडे येत होते. गुढियारीकडे उतरणाऱ्या पुलावर मी चढले, माथा ओलांडला आणि गाडी उताराला लागली. वेग बेताचा होता. तेवढ्यात पुढची बस बाजूला झाली आणि समोर, उताराच्या अगदी पायथ्याशी, एक ई-रिक्षा आडवी उभी दिसली. तिचे चाक निखळले होते. चालक खाली उकिडवा बसून चाकाशी झटत होता आणि मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बायका, मांडीवर भाजीच्या पिशव्या घेऊन, निवांत बसल्या होत्या. डाव्या हाताला कठडा, उजवीकडे वाहनांची रांग. जायला जागाच नव्हती.

मी ब्रेक दाबला. खोडीप्रमाणे क्लचही पूर्ण दाबला.

पेडल दगडासारखेच होते. गाडी थांबली. हिसका बसला, मागे कुंड्या एकमेकींवर आदळल्या, आणि पिकअपचे नाक त्या ई-रिक्षेपासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. म्हाताऱ्यांपैकी एकीने माझ्याकडे वळून पाहिले आणि दुसरीला काहीतरी सांगितले. दोघी हसल्या. रिक्षावाला उठून उभा राहिला, त्याने माझ्या बंपरकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"वाह दीदी! तोर गाड़ी के ब्रेक तो गजब हे!"

मला हसू आले असावे. पाय जरा सैल करून मी पुन्हा ब्रेक दाबला... आणि पेडल थेट तळाला गेले. काहीही अडवणूक नाही. खाली जणू नुसता पत्रा होता. पुन्हा दाबले — तेच. गाडी इंचभर पुढे सरकली. हँडब्रेक ओढला, तर त्याची तार आधीपासूनच गंजून सैल. मी घाईने पहिला गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन गचका देऊन बंद पडले आणि गाडी तेवढ्यावर अडकली. "पत्थर लगाओ, भैया, पत्थर!" मी ओरडले. आयुष्यात प्रथमच रस्त्यावर ओरडले. रिक्षावाल्याने दोन दगड आणून चाकांखाली सरकवले.

मुन्नाचे गॅरेज जवळच होते. फोन केल्यावर तो मोटरसायकलवरून आला, पेडल दाबून पाहून म्हणाला, "पाइप फूट गया, मैडम. आपने ज़ोर से दबाया, आखिरी ब्रेक लगा और फूट गया. होता है."

हे अगदी तर्कसंगत होते आणि मला ते पटलेही. जुना पाईप, जोराचा दाब, शेवटचा ब्रेक... इथेच हा अनुभव संपला असता, तर या सदरासाठी काही उरलेच नसते. पण पाईप दाब पडून फुटला असेल तर त्यातले तेल कुठेतरी सांडायला हवे. मी खाली वाकून पाहिले. डांबर कोरडे होते. चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या, धुळीने माखलेल्या.

"मुन्ना, तेल किधर गया?"

"सूख गया होगा, धूप है न."

ब्रेकचे तेल उन्हात असे मिनिटांत उडून जात नाही. मी त्याला बोनेट उघडायला सांगितले. तेलाच्या छोट्या टाकीचे झाकण त्याने काढले आणि तो बाजूला सरकला. मी आत डोकावले. तळाशी कोरडी, काळी धूळ होती. सिलतऱ्याची धूळ मी कुठेही ओळखते. तेलाचा ओलावासुद्धा नव्हता. तेल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा केव्हाच निकामी झाला होता, हे नंतर कळले.

"इसमें तो महीनों से तेल नहीं है, मैडम," तो हळूच म्हणाला. आणि लगेच सावरून, "मतलब... ऐसा दिख रहा है."

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. ती वर उचलल्यावर मी पोते अंथरले आणि स्वतः खाली सरकले. मुन्ना "अरे मैडम, कपड़े!" म्हणत राहिला. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी तेलाच्या दोन स्वतंत्र वाटा असतात. एक गेली तरी दुसरी राहावी म्हणून. इथे दोन्ही गेल्या होत्या. मागच्या चाकांकडे जाणारा पाईप फळ्यांखाली गंजून तुटलेला, पुढचा आडव्या पट्टीला चिकटून कुजलेला. दोन्हींची तुटलेली टोके मी बोटाने पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहिली.

इथे मला थोडे शिक्षिकेसारखे बोलावे लागेल. ताज्या तुटलेल्या पोलादाचे टोक राखाडी आणि चमकदार असते. त्या टोकांवर चमक कुठेच नव्हती. ती आतपर्यंत तपकिरी होती, कडा झडून बोथट झाल्या होत्या, आणि एका टोकात धुळीचा घट्ट बोळा बसला होता. नंतर ते तुकडे कापून घेऊन मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत भिंगाखालीही पाहिले. गंजाचे थर एकावर एक चढलेले होते. ते पाईप त्या सकाळी फुटलेले नव्हते. त्या आठवड्यातही नव्हेत. ते फार आधी, बहुधा गाडी जाळीखाली उभी असतानाच तुटले होते.

म्हणजे प्रश्न त्या एका उताराचा राहिलाच नाही. दिवाळीपासून मी रोज त्या गाडीने जात होते. गुढियारीच्या गर्दीत गाई, सायकली, हातठेले यांच्यासमोर दहा वेळा थांबत होते. कारखान्याच्या गेटवर थांबत होते... कशावर?

मुन्नाने चारही चाके उघडली. गंजून अडकलेले ब्रेक आपोआप चाक धरून ठेवतात, तसे काही असेल अशी त्याला आशा होती. मलाही होती, खोटे कशाला बोलू. पण प्रत्येक चाक हाताने सहज फिरले. काहीही धरलेले नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या घरी दोन पक्ष तयार झाले.

पहिला पक्ष भाऊजींचा. ते संध्याकाळी पेढे घेऊनच आले. "वहिनी, दादा होते ना संगं! दादानं थांबवली गाडी. दुसरं काही नाही." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांच्या भावनेविषयी मला शंका नाही. "आता ती गाडी शेडमधी उभी करू. पुढं दादाचा फोटो लावू, हार घालू. नव्या गाडीसाठी मी ड्रायव्हर पाहून ठेवला आहे. तुमी फक्त चावी देऊन टाका मले."

"भाऊजी," मी विचारले, "तुमच्या दादांनी जिवंतपणी एकदा तरी त्या गाडीचे बोनेट उघडले होते का?"

"नाही बाप्पा. ते कायले उघडतीन? ड्रायव्हर होता ना."

"मग गेल्यावर ते तेलाशिवाय गाडी थांबवायला कुठे शिकले?"

भाऊजींनी पेढ्यांचा डबा माझ्यासमोर ठेवला. "तुमी ना वहिनी... मास्तरीन ते मास्तरीनच राहिल्या."

मला विनोद करायचा नव्हता. यजमान चांगले गृहस्थ होते. पण संसार सुरू झाल्यापासून त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर एकदाही बसू दिले नाही. "तुझं काम नाही ते," एवढेच म्हणत, प्रेमाने. ज्यांनी कधी चावी दिली नाही, त्यांच्याच नावाने ती आता माझ्याकडून परत मागितली जात होती.

दुसरा पक्ष ऋचाचा. माझ्या लेकीला मराठी सगळे समजते. उत्तर ती हिंदीत देते.

"आई, आप घबरा गई थीं. गाड़ी इंजन से रुकी होगी. गियर में थी न?"

"क्लच दाबलेला होता, ऋचा. पूर्ण. मी नेहमी दाबते."

"आपको लगता है कि दबाया था. ऐसे टाइम पे किसको याद रहता है?"

"मग इतके महिने रोज इंजिननेच थांबत होते का? गेटवर, सिग्नलला, क्लच दाबून?"

"वो मुझे नहीं पता. पर आप प्लीज़ वो गाड़ी बेच दो न. चाबी काका को दे दो. आपको कुछ हो गया तो?"

बघा, एकाचे म्हणणे की मेलेल्या माणसाने गाडी थांबवली, दुसरीचे की जिवंत बाईला काही कळत नाही. परस्परविरोधी विधाने, पण निष्कर्ष तोच. चावी दे. गाडी मी थांबवत होते, निदान माझा पाय तिथे होता, ही गोष्ट दोन्ही स्पष्टीकरणांत कुठेच नव्हती. आणि चावी गेली की नर्सरीही भाऊजींच्या हाती जाणार, नर्सरी गेली की मी पुन्हा त्या चौबे कॉलनीच्या बैठकीत, पाहुण्यांना चहा देऊन आत निघून जाणारी. हे मी त्यांना समजावून सांगू शकले नाही. मी फक्त चावी पर्समध्ये ठेवली आणि पर्स मांडीवर.

मुन्नाने सर्व पाईप नवे टाकले, ब्रेकचे सिलिंडर बदलले, ताजे तेल भरले. या वेळी पाईप चेसिसच्या आतल्या बाजूने, निथळणाऱ्या पाण्यापासून दूर न्यायला मी त्याला लावले. आणि फळ्यांखाली जाड प्लॅस्टिकही. तो कुरकुरला, पण त्याने केले. मग म्हणाला, "आइए मैडम, दबाके देखिए."

मी सीटवर बसले. पेडल दाबले. ते मऊपणे खाली गेले, मध्यावर येऊन भरल्यासारखे झाले आणि थांबले. पाय काढून मी पुन्हा दाबले. तेच.

"मुन्ना, यह तो दब रहा है."

"दबेगा ही न, मैडम!" तो हसला. "ब्रेक तो दबता ही है. ऐसा ही होता है."

"पहले नहीं दबता था. आपने खुद बैठके देखा था. आपने कहा था, पत्थर है."

त्याचे हसू मावळले. हातातल्या फडक्याने तो बराच वेळ एकच पाना पुसत राहिला. "कहा था," तो शेवटी म्हणाला. "हव, कहा तो था." मग बाहेर जाऊन लिंबू-मिरची घेऊन आला. "बाँध लो मैडम. आपके लिए नहीं, मेरी तसल्ली के लिए."

"नहीं, मुन्ना."

"क्यों? पाँच मिनट का काम है."

"जिसका नाम मुझे मालूम नहीं, उसको मैं न हाथ जोड़ूँगी, न भगाऊँगी."

हे वाक्य माझ्या तोंडून कसे आले, मला सांगता येणार नाही. पण मी ते मागे घेत नाही.

रविवारी भाऊजी नर्सरीवर आले. हातात झेंडूचा मोठा हार आणि फ्रेम केलेला फोटो. मी नुकतीच रोपे चढवून गाडी भरली होती. ती शहरातल्या एका वसाहतीत पोहोचवायची होती. त्या आधी मी त्याच गाडीने, मुन्नाला शेजारी बसवून, रिकाम्या रस्त्यावर आणि मग भरल्या गाडीने, पुन्हा पुन्हा थांबून पाहिले होते. हे मुद्दाम सांगते, कारण मी जिद्दी आहे, बेपर्वा नाही.

"वहिनी, काहून असं करून राहिल्या? चावी द्या ना."

"बसा भाऊजी. वाटेत बोलू."

"मी? या गाडीत?"

"तुमच्या दादांवर विश्वास आहे ना? मग भीती कशाची?"

ते बसले. मांडीवर हार, हारावर फोटो, एक हात दाराच्या कडीवर. पुलावर चढलो तेव्हा ते काहीतरी पुटपुटत होते. माथा ओलांडला, गाडी उताराला लागली. खाली सिग्नलजवळ वाहने थांबली होती.

"वहिनी, हळू... हळू! अरे बापा, समोर पाहा!"

मी ब्रेक दाबला. एकटाच, क्लच या वेळी मी जाणूनबुजून शेवटच्या क्षणापर्यंत सोडून ठेवला. पेडल मऊपणे खाली गेले, भरले. गाडी हळू होत गेली आणि पुढच्या मोटारीच्या मागे, बऱ्याच अंतरावर, शांतपणे उभी राहिली. भाऊजींनी डोळे उघडले. रस्त्याकडे पाहिले, मांडीवरच्या फोटोकडे पाहिले, मग माझ्या पायाकडे.

"आता कोनं थांबवली?" त्यांनी विचारले. थट्टेने नाही, खरेच विचारले.

"मी," मी म्हणाले.

सिग्नल सुटला. पुढे त्यांच्या घराचे वळण आले तेव्हा त्यांनी चावी मागितली नाही. फक्त, उतरताना हार विंडस्क्रीनवर नको ना, एवढे विचारले, आणि मी नको म्हटल्यावर फोटोसकट तो घरी घेऊन गेले.

मी अजून रोज जाते. ऋचा अजून फोनवर गाडी विकायला सांगते. त्या महिन्यांत माझ्या पायाखाली नेमके काय होते, आणि त्या सकाळी गाडी थांबल्यानंतरच ते का निघून गेले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मी ते शोधले. अजूनही शोधते आहे. कोणाला ठाऊक असेल तर अवश्य लिहावे; मी वाचेन, तपासून पाहीन, आणि पटले नाही तर पटले नाही असे कळवीन. मात्र जे काही होते त्याच्या नावाने माझ्याकडे कोणी काही मागायला येऊ नये. मला कळले नाही, हे मी मान्य करते. त्यासाठी सीट सोडायला मी तयार नाही.